तारऑफिसचा कठडा

मी, खाली सही करणारी, वय ७१ वर्षे, पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक, आता निवृत्त, राहणार जुन्या पोस्टामागची गल्ली, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला, आज सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहिले असून, विचारले त्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी चार वर्षांपासून एकटी राहते. पती हयात नाहीत. मुलगी लग्न होऊन परगावी आहे. माझे माहेर याच शहरातले. लग्नानंतर मी पतीच्या नोकरीच्या गावी गेले, तिथल्या छापखान्यात एकोणतीस वर्षे नोकरी केली आणि पती गेल्यावर परत इथे आले.

ज्या इमारतीत काल, शुक्रवारी, प्रकार घडला तिथे आज चित्रांचे संग्रहालय आहे. पूर्वी ते तारऑफिस होते. इमारत परक्यांच्या राजवटीतली, दगडी, दोन मजली, पुढे सहा खांब. संग्रहालय होऊन पाच वर्षे झाली. आत जायला पैसे पडत नाहीत. दारातल्या नोंदवहीत नाव, गाव आणि वेळ लिहायची, पिशवी खाली ठेवायची, एवढेच. मी दर मंगळवारी जाते. चित्रांतले मला फारसे कळत नाही.

माझे वडील याच इमारतीत वरच्या मजल्यावर तारा पाठवण्याच्या टेबलावर बावीस वर्षे होते. मागच्या आवारात नोकरांच्या खोल्या होत्या, त्यांतल्या शेवटच्या खोलीत आम्ही चौघे राहत होतो. आईवडील, मी आणि धाकटा भाऊ. भाऊ आता ६७ वर्षांचा आहे. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायला होता, तोही निवृत्त आहे. लहानपणी झाडावर, पाइपावर, खिडकीच्या गजांवर, जिथे नको तिथे चढलेला असायचा म्हणून त्याला घरात खारू म्हणत. काल संग्रहालयात मी 'खारू' अशी हाक मारली ती त्यालाच. पहाऱ्यावरच्या बाईंनी ती शिवी म्हणून सांगितली आहे. ती शिवी नाही.

एवढे मागचे कशाला, असे हवालदारांनी विचारले. त्याशिवाय पुढचे समजणार नाही असे मी सांगितल्यावरून लिहून घेतले.

रविवारी वडिलांची पाळी असली की आम्ही दोघे त्यांचा डबा घेऊन वर जात असू. जाताना पायऱ्यांनी, येताना कठड्यावरून. कठडा सागवानी आहे, वीतभर रुंद, आणि खालपर्यंत सरळ येतो. पुढे भाऊ बसायचा. तो लहान असल्याने त्याला सुरुवातीला जोर मिळायचा नाही, म्हणून मी मागून पाठीला हात लावून रेटा द्यायची. मग मी बसायची. वडिलांनी हे एकदा पाहिले. पुढच्या रविवारी कठड्याच्या खालच्या टोकाला काथ्या भरलेले पोते सुतळीने बांधलेले होते. ते पोते तिथे किती वर्षे होते, सांगता येत नाही. साहेब तपासणीला आले की शिपाई ते सोडून ठेवायचा आणि साहेब गेले की परत बांधायचा.

आई सात वर्षे अंथरुणाला खिळून होती. वडील तिच्या आधीच गेले होते. तिचे सगळे भावाने आणि भावजयीने केले. मी वर्षातून दोनदा येत असे. एकतीस वर्षांपूर्वी आई वारली. मला ते सगळे आटोपल्यावर, दहा दिवसांनी, साध्या कार्डाने कळले. आमच्याकडे फोन नव्हता, पण तार येत होती. मी आले, दारातून भावाला विचारले, "तार का नाही केलीस?" मी पाणीही न पिता परत गेले. त्यानंतर कालपर्यंत आम्ही बोललेलो नाही. भावजय गेली तेव्हाही मी गेले नव्हते. ती माझी चूक आहे.

तीन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी नोंदवहीत नाव लिहिताना वाऱ्याने पान मागे उलटले. तिथे मला भावाचे अक्षर दिसले. नाव वाचायच्या आधी अक्षर दिसले. त्याचा 'र' शाळेपासून मोडका आहे, गुडघ्यात वाकल्यासारखा. मी उभ्याउभ्या मागची पाने चाळली. दर शुक्रवारी साडेदहाच्या सुमारास तो येत होता. दारावरचा माणूस म्हणाला, "आजी, वही वाचायला नाही ठेवली." मी वही मिटली आणि त्या दिवशी चित्रे न पाहताच घरी आले. पुढचे दहाबारा मंगळवार मी जात राहिले, आणि आधीच्या शुक्रवारी तो येऊन गेला ना, एवढे वहीत पाहून आत जात राहिले.

काल शुक्रवार होता. मी मुद्दाम गेले का, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. होय, मुद्दाम गेले. भांडायला गेले का, असे विचारले. काय करायला जाते आहे ते मला जिना चढेपर्यंत ठरवता आले नव्हते.

भाऊ वरच्या मजल्यावरच्या मोठ्या दालनात बाकावर बसला होता. समोर एका परक्या अधिकाऱ्याचे मोठे तैलचित्र आहे, पायाशी कुत्रे. हे चित्र तारऑफिसच्या वेळीही तिथेच होते. मी मागून हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. म्हणाला, "आज मंगळवार नाही."

म्हणजे त्यानेही वहीत माझे नाव पाहिले होते. "म्हणून शुक्रवार धरलास?" असे मी विचारले. तो हो म्हणाला.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "कुत्रं अजून तसंच आहे. साहेब मात्र म्हातारा झाला." आम्ही लहानपणी त्या साहेबाला नव्हे, कुत्र्याला सलाम करायचो. मला हसू आले. त्यालाही आले. पहाऱ्यावरच्या बाईंनी हे सांगितलेले दिसत नाही.

त्यानंतर सुमारे तासभर आम्ही इमारत पाहिली. चित्रे कमी, इमारत जास्त. तारयंत्रांच्या बॅटऱ्या ठेवायच्या त्या खोलीत आता मातीची भांडी मांडली आहेत. तारा वाटणारे शिपाई जिथे सायकली लावून बसायचे तिथे संगमरवरी पुतळा आहे, हात नसलेला. भाऊ म्हणाला, "याला तार कशी देणार? सही कोण करणार?" वडिलांचे टेबल खिडकीशी होते. तिथे आता होडीचे चित्र आहे. आम्ही दोघे त्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिलो. भावाने विचारले, "बाबांच्या खुर्चीला मागची एक फळी नव्हती ना?" मी म्हटले, "होती. तुटकी होती. ते उशी लावायचे." तो म्हणाला, "उशी हिरवी." मी म्हटले, "निळी." ते ठरले नाही.

सुमारे पावणेबारा वाजता आम्ही वरच्या दालनाच्या टोकाला, जिथे तारा घेण्याची खिडकी होती, तिथे आलो. खिडकी आता काचेने बंद आहे. लाकडी फळी मात्र तीच आहे, लोकांच्या कोपरांनी मधोमध झिजलेली. भावाने त्या फळीवर हात ठेवला आणि आपण होऊन सांगू लागला. ते त्याच्या शब्दांत सांगते.

"ताई, आई जायच्या दोन दिवस आधी मी इथे आलो होतो. फॉर्म भरला होता. आई अत्यवस्थ, लगेच नीघ. रांगेत उभा राहिलो. बाबांच्या हाताखालचे काका खिडकीत होते, त्यांनी मला ओळखलं, हात पुढे केला. मी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि घरी गेलो."

मी विचारले, "का?"

तो म्हणाला, "सात वर्षं मी केलं तिचं. कुशीवर वळवण्यापासून. आणि शेवटी दोन दिवस ती नुसती तुला हाक मारत होती. माझ्याकडे बघून, ताई आली का, ताई आली का. मला वाटलं, तू आलीस की ती तुझ्या मांडीवर जाईल. मला ते नको होतं."

मग मी जे बोलले ते मोठ्याने बोलले. आवाज माझा चढला होता, भावाचा नव्हे. "तू मला आईचं तोंड बघू दिलं नाहीस," असे मी म्हणाले. दोनदा म्हणाले की तीनदा, आठवत नाही. पहाऱ्यावरच्या बाई आल्या आणि इथे शांतता ठेवायची असते म्हणाल्या. त्यांचे बरोबर होते. मी जाऊन बाकावर बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. बाई दहा मिनिटे म्हणतात. भाऊ खिडकीपाशीच उभा होता, पाठमोरा. त्याचा सदरा पाठीवर उसवला होता. शिवायला घरात कोणी नसावे.

मला राग आला होता का, असे साहेबांनी विचारले. आला होता. अजून आहे.

नंतर भाऊ माझ्यासमोर आला आणि म्हणाला, "कठड्याला नवीन पॉलिश केलंय. बघितलंस?"

मी उठले. का उठले ते सांगता येत नाही. आम्ही जिन्यापाशी आलो. कठड्यावर टेकू नये अशी पाटी आहे, ती आम्ही दोघांनी वाचली. भाऊ म्हणाला, "टेकू नका म्हणतात. बसू नका असं कुठे म्हणतात?" मी म्हटले, "वय बघ." तो म्हणाला, "वय बघूनच म्हणतोय. पुढच्या वर्षी पाय वर जायचा नाही." त्याने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन कठड्यावर बसला. तिसऱ्या प्रयत्नात बसता आले. तोवर तिथे दुसरे कोणी नव्हते. पहाऱ्यावरच्या बाई दालनाच्या दारात आल्या त्या त्यानंतर, त्यामुळे तो आपण होऊन बसला हे त्यांनी पाहिलेले नाही.

तो बसला आणि जागचा हलेना. मान न वळवता म्हणाला, "ताई, रेट."

मी त्याच्या पाठीला हात लावून रेटा दिला. हे खरे आहे.

भाऊ सरळ खाली गेला. चौदा पायऱ्यांचा जिना आहे. खालच्या टोकाला आता पितळी गोळा बसवला आहे, त्याला तो आदळला आणि डाव्या अंगावर फरशीवर पडला. पहाऱ्यावरच्या बाई म्हणतात, पडल्यावर तो ओरडत होता. तो हसत होता. त्याचे हसणे मला ओळखता येते. मी खाली पोचेपर्यंत तो गप्प झाला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर घाम होता. मी त्याचे डोके मांडीवर घेतले. सव्वाबारा वाजले असावेत.

रुग्णवाहिका बारा चाळीसला आली. मी तिच्यातून दवाखान्यात गेले. भावाच्या डाव्या खुब्याचे हाड मोडल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दीडच्या सुमारास भावाचा मुलगा आला. मी त्याला शेवटचे पाहिले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्याने विचारले, "तुम्ही कोण?" मी म्हटले, "तुझी आत्या." त्याने माझ्या हातातला चष्मा घेतला आणि मला बाहेर थांबायला सांगितले. मी सहा वाजेपर्यंत बाहेर होते. नंतर मला घरी जायला सांगण्यात आले.

जुन्या वैरातून मी बेत करून आले आणि वडिलांना ढकलले, अशी पुतण्याने तक्रार दिल्याचे साहेबांनी मला सांगितले. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहून दिले असते. त्याच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

हाताला किती जोर होता, असे साहेबांनी तीन वेळा विचारले. लहानपणी लागायचा तितकाच लावला. तो आता इतका हलका झाला असेल याची मला कल्पना नव्हती. त्या रेट्यात राग होता का, असेही विचारले. मला सांगता येणार नाही. जबाबात 'नव्हता' असे लिहू नये. 'होता' असेही लिहू नये.

भावाचे ऑपरेशन सोमवारी दहा वाजता आहे असे नर्सने सांगितले. पुतण्या मला आत सोडत नाही. काही बरेवाईट झाले तर मला त्याच दिवशी कळवावे, पत्ता वर दिला आहे. ही विनंती जबाबात बसत नाही असे हवालदार म्हणाले. तरी लिहा म्हटल्यावर त्यांनी लिहिली.

जबाब मला वाचून दाखवला, मीही वाचला. दोन ठिकाणी 'ढकलले' असे पडले होते ते खोडून 'रेटा दिला' असे केले आणि शेजारी सही केली. तक्रारीच्या परिच्छेदातले 'ढकलले' तसेच ठेवले, ते पुतण्याचे शब्द आहेत. बाकी मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

पुरवणी जबाब

मी वरीलप्रमाणे जबाब दिलेली तीच बाई, पहिल्या जबाबानंतर अकराव्या दिवशी दुपारी अडीच वाजता ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून पुढीलप्रमाणे सांगते की,

भावाने दवाखान्यात दिलेला जबाब साहेबांनी मला आज वाचून दाखवला. त्यात तो म्हणतो की, मी हौसेने एकटाच कठड्यावर बसलो व तोल जाऊन पडलो, त्या वेळी बहीण दालनात चित्रे पाहत होती, तिने मला हातही लावलेला नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पुतण्यानेही तक्रार मागे घेतली आहे. आता माझे काही म्हणणे आहे का, असे साहेबांनी विचारले.

माझे म्हणणे असे की, भावाचा जबाब खरा नाही. मी हात लावला होता.

साहेब म्हणाले, "आजी, ज्याचं हाड मोडलं तो नाही म्हणतोय. तुम्ही कशाला हो म्हणताय?" त्यावर मी सांगते ते लिहून घ्यावे.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पुतण्या माझ्या घरी आला. वर आला नाही. शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून त्याने निरोप पाठवला. मी खाली उतरले. मला वाटले ते वाटले. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "नाही, नाही, बाबा ठीक आहेत. जेवत नाहीत. तुम्हाला आणल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात." त्याने स्कूटर आणली होती. मला मागे नीट बसता येईना तेव्हा तो म्हणाला, "आत्या, खांद्याला धरा." तेव्हापासून मी रोज चार ते सहा दवाखान्यात असते.

भावाच्या पायावर वजन पडू द्यायचे नाही. दोन महिने उठायचे नाही. डाव्या बाजूला वळायचे नाही. त्याला अंग पुसायला नर्सचा हात लागलेला आवडत नाही, आणि पुतण्याला ते जमत नाही. ते मी करते.

त्याने पोलिसांना काय सांगितले ते मला त्याच्याकडूनच कळले होते. मी विचारले, "खोटं का सांगितलंस?" तो म्हणाला, "मग काय सांगू? एकतीस वर्षांनी सापडलीस, आठ दिवसांत आत घालू?" मी म्हटले, "मी रेटलं होतं." तो म्हणाला, "मी सांगितलं म्हणून." मी म्हटले, "किती जोरात ते मला माहीत नाही, खारू. मी रोज आठवून बघते. मला माहीत नाही."

तो छताकडे पाहत म्हणाला, "मला माहीत आहे. पाठ माझी होती." त्याला काय म्हणायचे होते, असे साहेबांनी मला विचारले. मी त्याला विचारलेले नाही. त्यानंतर त्याने मला दाढी करायला सांगितले आणि मी ती केली.

तारेविषयी आम्ही परत बोललेलो नाही. आईविषयी बोललो. शेवटच्या दोन दिवसांचे त्याने मला सगळे सांगितले. ती काय बोलली, कोणत्या कुशीवर होती, पाणी किती वाजता घेतले, पहाटे खिडकी उघडायला लावली ती कोणती. चार दिवस लागले त्याला. एका वेळी थोडे सांगायचा. मी मध्ये काही विचारले नाही.

भावाचा जबाब आणि माझा जबाब जुळत नाही, आणि प्रकरण बंद करायचे तर एकच ठेवावा लागेल, असे साहेब म्हणतात. मला कायद्यातले कळत नाही. पण त्याचा काढू नये आणि माझाही काढू नये. जुळवूही नयेत. दोन्ही एकाच फायलीत, एकाखाली एक लावावेत, एवढीच विनंती आहे.

जबाब वाचून ऐकवला, सांगितला तसाच लिहिलेला आहे. दवाखान्यात चारच्या आत पोचायचे असल्याने सही करून निघते.